पितळी बँड, ब्लूग्रास आणि चेंबर म्युझिक: केंटकीतल्या सुट्टीच्या महोत्सवांमागचा इतिहास

अमेरिकेत उन्हाळा लागला की गावोगाव शनिवार-रविवारचे संगीत महोत्सव सुरू होतात. त्यांतल्या काहींच्या कार्यक्रमपत्रिकेवर अशी सरमिसळ असते की आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटावं. सकाळी पितळी बँडची मिरवणूक, दुपारी बँजो-मेंडोलिनचं ब्लूग्रास, संध्याकाळी व्हायोलिन-चेलोचं चेंबर म्युझिक. एक रस्त्यावरचं, एक अंगणातलं, एक दिवाणखान्यातलं. ही तिन्ही एका सुट्टीत शेजारी येऊन बसली कशी, हे समजून घ्यायला केंटकी राज्याइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे या तिघांच्याही खुणा जमिनीवर दिसतात.

केंटकीच्या मध्यभागी डॅनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. 1784 ते 1792 या काळात केंटकीला स्वतंत्र राज्य करण्यासाठी ज्या दहा परिषदा झाल्या, त्या इथेच. 1819 मध्ये गावात सेंटर कॉलेज स्थापन झालं. या कॉलेजच्या कलाकेंद्राचे तेव्हाचे संचालक जॉर्ज फोरमन आणि ट्रम्पेटवादक व्हिन्सेंट डिमार्टिनो यांनी 1990 मध्ये ‘ग्रेट अमेरिकन ब्रास बँड फेस्टिव्हल’ सुरू केला. जूनमधला शनिवार-रविवार, कॉलेजच्या हिरवळीवरचा मंच, मेन स्ट्रीटवरून निघणारी बँडची मिरवणूक, आणि गावकऱ्यांनी हौसेने सजवलेल्या टेबलांवर घरून आणलेलं जेवण. सोबत बँडच्या इतिहासावर अभ्यासकांची परिषदही भरत आली आहे. माझ्या मते या महोत्सवाचं खरं वेगळेपण त्या परिषदेत आहे. केवळ करमणूक म्हणून बँड बोलवायचे नाहीत, तर ते कुठून आले हेही शोधायचं, असा आग्रह त्यामागे होता.

बँड आले ते एका यांत्रिक सुधारणेतून. साध्या तुतारीत किंवा बिगुलात नळीची लांबी ठरलेली असते, त्यामुळे ओठांच्या ताणाने मोजकेच स्वर निघतात. खालच्या पट्टीत तर दोन स्वरांमध्ये मोठ्या रिकाम्या जागा राहतात. 1810 मध्ये डब्लिनच्या जोसेफ हॅलिडे यांनी बिगुलाला चाव्या बसवून त्यातल्या काही भरल्या. पण खरा बदल केला हाइनरिश श्टोल्झेल आणि फ्रीडरिश ब्लूमेल या दोघा जर्मनांनी, 1818 च्या पेटंटमधल्या व्हॉल्व्हने. व्हॉल्व्ह दाबला की हवा नळीच्या एका जादा वळणातून फिरून जाते आणि स्वर खाली उतरतो. मधला व्हॉल्व्ह अर्धा स्वर, पहिला एक स्वर, तिसरा दीड स्वर. या तीन बोटांच्या जोड्यांतून जवळजवळ सगळं सप्तक हाती येतं. पुढे 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्स यांनी सॅक्सहॉर्न या व्हॉल्व्हच्या पितळी वाद्यांचं आख्खं कुटुंब बनवलं. लहान चढ्या आवाजाच्या वाद्यापासून खर्जातल्या धुडापर्यंत सगळ्यांची बोटं सारखी. एक शिकलं की दुसरं हातात घेता येतं. लोहार, चांभार, दुकानदार, शाळामास्तर संध्याकाळी जमून बँड उभा करू शकले ते या सोयीमुळे.

हीच वाद्यं ब्रिटिश पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले वादक पोलीस आणि लष्करी बँडमध्ये गेले, आणि आपल्याकडच्या वरातीतल्या व गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँडचं मूळही तिथेच आहे. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी प्रभात बँड ऐकत वाढलेल्या माणसाला डॅनव्हिलची मिरवणूक परकी वाटू नये.

अमेरिकेत 1835 मध्ये बॉस्टन ब्रास बँड उभा राहिला. न्यूयॉर्कच्या डॉडवर्थ घराण्याने एक चमत्कारिक दिसणारं वाद्य लोकप्रिय केलं. त्याचं भोंग्यासारखं तोंड वादकाच्या खांद्यावरून मागे वळलेलं असे. मैफलीत ते गैरसोयीचं, पण बँड पुढे आणि पलटण मागे अशी कूच असेल तर आवाज नेमका शिपायांच्या कानावर पडायचा. 1861 मध्ये उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या प्रत्येक स्वयंसेवक पायदळ रेजिमेंटला 24 वादकांचा बँड ठेवायची मुभा होती. गावचे बँडच्या बँड भरती झाले. खर्च इतका वाढला की जुलै 1862 मध्ये रेजिमेंटचे बँड कायद्याने बंद करून फक्त ब्रिगेडला, म्हणजे अनेक रेजिमेंटच्या मिळून एका तुकडीला, ठेवावे लागले.

डॅनव्हिलला हे युद्ध पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 8 ऑक्टोबर 1862 रोजी जवळच्या पेरीव्हिलला केंटकीतली सर्वांत मोठी लढाई झाली. एका दुपारी दोन्ही बाजूंचे मिळून साडेसात हजारांवर सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. सेंटर कॉलेजच्या जुन्या इमारतीचं रुग्णालय करावं लागलं. त्यानंतर दक्षिणेचं सैन्य टेनेसीत उतरलं, उत्तरेचं त्याच्या मागावर गेलं, आणि 30 डिसेंबरच्या रात्री मरफ्रीझबरोजवळ दोघांचे तळ समोरासमोर पडले. थंडी कडाक्याची. दोन्हीकडचे बँड आपापली गाणी वाजवून एकमेकांवर कुरघोडी करत होते. मग एका बँडने घराच्या ओढीचं ‘होम, स्वीट होम’ सुरू केलं आणि पलीकडच्यांनीही तेच उचललं. एकाच वेळी दोन्ही सैन्यं ते गाणं गात होती, असं तिथे असलेल्या शिपायांनी पुढे लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे लढाई जुंपली. आज युद्धकाळच्या बनावटीची वाद्यं घेऊन, त्या काळच्या हस्तलिखित वह्यांतून वाजवणारे बँड महोत्सवात ऐकताना ही पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी. तो नुसता पोशाखी देखावा नाही.

युद्धानंतरची पन्नास वर्षं बँडची. पॅट्रिक गिलमोर यांनी 1869 मध्ये बॉस्टनला शांततेचा प्रचंड संगीतसोहळा भरवला. जॉन फिलिप सूझा 1880 ते 1892 नौसैनिकांच्या मरीन बँडचे प्रमुख होते, आणि 1892 पासून 1931 पर्यंत स्वतःचा बँड घेऊन देशभर फिरले. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या बँडनी अंत्ययात्रेला जातानाची आणि परततानाची वेगळी चाल घडवली, आणि जॅझच्या जन्मात तिचा मोठा वाटा आहे. प्रत्येक गावाच्या चौकात बँडला वाजवायला छत्रीसारखा एक मंडप बांधलेला असायचा. मग ग्रामोफोन, रेडिओ आणि मोटार आली. यंत्रावरचं संगीत हौशी वादकाला मारून टाकील, असा इशारा सूझांनी 1906 मध्येच लेख लिहून दिला होता. आयोवा राज्याने 1921 मध्ये गावाला बँडसाठी कर बसवू देणारा कायदा केला. तरीही गावचा बँड बऱ्याच ठिकाणी शाळेच्या मैदानावर सरकला, म्हणजे मुलांचा झाला आणि मोठ्यांच्या हातून सुटला.

त्याच मोटारीने पुढे महोत्सव शक्य केले, हे मात्र सूझांना दिसलं नसतं. हेन्री फोर्ड यांनी 1926 मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला. 1938 च्या श्रमकायद्याने 1940 पासून आठवड्याला चाळीस तासांचं माप ठरवलं. शनिवार मोकळा झाला, दारात गाडी आली. शुक्रवारी संध्याकाळी निघून दोनशे मैलांवर तंबू ठोकायचा आणि रविवारी रात्री परतायचं, ही चाल त्यानंतरची. आणि ती संगीतात पहिल्यांदा पक्की रुजवली ती ब्लूग्रासवाल्यांनी.

ब्लूग्रास हे नाव गवताचं. डॅनव्हिल-लेक्सिंग्टनच्या परिसरातल्या चुनखडीच्या जमिनीवर ते माजतं, आणि त्यावर पोसलेल्या घोड्यांसाठी केंटकी प्रसिद्ध आहे. पण हे संगीत त्या कुरणांत जन्मलं नाही. त्याचे जनक बिल मनरो 1911 मध्ये जन्मले ते पश्चिमेकडे दोन-अडीच तासांवर, केंटकीतल्याच ओहायो काउंटी या जिल्ह्यातल्या रोझीनजवळ, कोळशाच्या आणि लाकूडतोडीच्या मुलखात. घरात बिल सर्वांत धाकटे. फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच उचललेली, म्हणून यांच्या वाट्याला मेंडोलिन आलं. तेही आठ तारांऐवजी चारच तारा लावून, कारण पोराचा आवाज फार व्हायला नको. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. मग ते फिडल वाजवणाऱ्या पेन मामांकडे राहिले आणि त्यांच्यासोबत नाचाच्या कार्यक्रमांना जाऊ लागले. दुसरे गुरू आर्नल्ड शुल्ट्झ, खाणीत काम करणारे कृष्णवर्णीय गिटारवादक. त्यांच्या साथीला बसून मनरोंनी ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं संगीत आत्मसात केलं. ब्लूग्रास म्हणजे गोऱ्या डोंगरी लोकांचं संगीत, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी शुल्ट्झ यांचं नाव लक्षात ठेवायला हवं. बँजो तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातून आलेलं वाद्य आहे.

1939 मध्ये मनरो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात रुजू झाले. केंटकीच्या ‘ब्लूग्रास स्टेट’ या टोपणनावावरून त्यांनी आपल्या चमूला ‘ब्लू ग्रास बॉइज’ म्हटलं होतं. 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्स हा विशीतला बँजोवादक त्यात आला. अंगठा आणि दोन बोटं यांनी तो तारांवर अशी अखंड धार धरत असे की आजवर साथीला असलेला बँजो एकदम पुढे आला. लेस्टर फ्लॅट यांची गिटार, चबी वाइज यांचं फिडल, खाली डबल बास आणि वर मनरोंचा चढा गळा. सगळे एका मायक्रोफोनभोवती. ज्याची पाळी तो पुढे सरकणार, वाजवून बाजूला होणार. 1948 मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्स बाहेर पडले, पण तोवर साचा तयार झाला होता.

पुढच्या दशकात रॉक अँड रोलच्या लाटेत हे संगीत मागे पडलं. ते सावरलं ते सप्टेंबर 1965 मध्ये. कार्लटन हेनी या आयोजकाने लेबर डेच्या जोडसुट्टीत व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळ, घोड्यांच्या एका शेतावर, तीन दिवस केवळ ब्लूग्रास ठेवलं. रविवारी मनरोंच्या जुन्या साथीदारांना एकेक करून मंचावर बोलावत त्यांनी या संगीताचा इतिहासच वाजवून दाखवला. मला या महोत्सवातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते मंचाबाहेरचं. लोक वाद्यं घेऊन आले होते. गाड्यांच्या मधल्या जागेत अनोळखी माणसं कडं करून वाजवत बसायची आणि मध्येच एखादा नावाजलेला वादकही त्यात शिरायचा. हा प्रकार आजही प्रत्येक ब्लूग्रास महोत्सवात चालतो, आणि कित्येक जण मंचाकडे फिरकतही नाहीत. 1967 पासून मनरोंनी स्वतः इंडियानात बीन ब्लॉसमला महोत्सव भरवला. 1974 मध्ये कोलोरॅडोत टेल्युराइडचा आणि लेक्सिंग्टनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ द ब्लूग्रास’ सुरू झाला. म्हणजे ब्लूग्रास आपल्या नावाच्या कुरणात आलं ते असं उशिरा.

चेंबर म्युझिकची वाट वेगळी आहे. अठराव्या शतकातले ऑस्ट्रियन संगीतकार हायडन यांच्या काळात चौघांनी खोलीत बसून वाजवायचं हे संगीत, प्रत्येकाचा भाग स्वतंत्र, संचालक कुणी नाही. अमेरिकेत 1849 मध्ये बॉस्टनला ‘मेंडेलसन क्विंटेट क्लब’ निघाला आणि गावोगाव फिरला. पण त्याला शहराबाहेरच्या महोत्सवात आणलं ते एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या बाईंनी. स्वतः पियानो वाजवणाऱ्या कूलिजबाईंनी वारशाचा पैसा संगीतात ओतला. 1918 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात त्यांनी चेंबर म्युझिकचा महोत्सव भरवला आणि 1925 मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात छोटं सभागृह बांधून दिलं. नव्या रचनांसाठी त्या संगीतकारांना मानधन देत. त्यातूनच एरन कोपलंड यांची ‘अपलेचियन स्प्रिंग’ आली. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठीची ही रचना त्याच सभागृहात 30 ऑक्टोबर 1944 ला पहिल्यांदा वाजली. तिथे जागा अपुरी, म्हणून वाद्यं तेरा. तिच्या गाभ्यात ‘सिंपल गिफ्ट्स’ ही 1848 ची धून आहे, शेकर पंथाच्या एका वडीलधाऱ्याने रचलेली.

शेकर लोक ब्रह्मचर्य पाळत, मालमत्ता सामायिक ठेवत आणि प्रार्थनेत नाचत. केंटकीत त्यांची मोठी वसाहत प्लेझंट हिलला होती, डॅनव्हिलहून गाडीने अर्ध्या तासावर. 1820 च्या सभागृहात नाचाला अडथळा नको म्हणून मध्ये एकही खांब नाही. छप्पर वरच्या लाकडी कैच्यांवर तोललं आहे. पेरीव्हिलच्या लढाईच्या दिवसांत याच लोकांनी दोन्ही सैन्यांच्या हजारो शिपायांना जेवू घातलं. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ त्यांनी उपासनेत वाद्यं वर्ज्य ठेवली. गळ्यानेच गायचं आणि गाणी अक्षरांच्या स्वरलिपीत उतरवायची. 1910 मध्ये वसाहत विसर्जित झाली. 2007 पासून न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या चेंबर म्युझिक सोसायटीचे वादक तिथे ‘चेंबर म्युझिक फेस्टिव्हल ऑफ द ब्लूग्रास’साठी येऊ लागले. 1969 पासून महानगरातल्या सभागृहात वाजवणारी ही संस्था इथे शेतावरच्या लाकडी कोठारात वाजवते. चार वादकांच्या संगीताला फार मोठी जागा लागतही नाही. ऐकणाऱ्याला वादकाचा श्वास ऐकू यावा, इतपत जवळीक मिळाली की झालं, आणि ती त्या कोठारात मिळते.