गंजलेल्या क्लॅम्पचा आवाज

मृगाची झोड सुरू झाली की आमच्या खानापूर भागात आधी वीज जाते, मग मोबाईलची रेंज. गेल्या पावसाळ्यात टेकडीवरच्या आमच्या हॅम रेडिओ (म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचांच्या) रिपीटरलाही 'बाधा' झाली. कुणी बोलायला लागलं की मधूनच तिसऱ्याच माणसाचा फाटका आवाज यायचा. 'बाधा' हा शब्द टॉवरच्या राखणदार मामांचा. त्यांनी टॉवरच्या पायथ्याला लिंबू-मिरचीही टांगली, चांगल्या लोखंडी तारेनं बांधून!

रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला निरोप्या. हातातल्या ५ वॅटच्या सेटचा आवाज डोंगराआड अडतो. रिपीटर तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर मोठ्यानं सांगतो. दोन मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात, या दोन्हींत सहसा ६०० किलोहर्ट्झचंच अंतर. म्हणजे स्वतः बोंब मारत असताना कुजबुज ऐकायची! बोंब २५ वॅटची, कुजबुज ०.२ मायक्रोव्होल्टची, शक्तीचं प्रमाण काढलं तर तिनावर सोळा शून्यं. ही बोंब रिसिव्हरपर्यंत पोचू नये म्हणून ड्युप्लेक्सर असतो, धातूच्या मोठ्या डब्यांचा. पहिला संशय त्याच्यावरच घेतात. आम्हीही घेतला आणि एक अख्खा रविवार घालवला.

नंतर लक्षात आलं की त्रास होतो तो शेजारच्या टॉवरवरचा ट्रान्समीटर आणि आमचा, दोन्ही एकदम चालू असतानाच. खरी गंमत इथं आहे. समजा आम्ही १४५.० मेगाहर्ट्झवर ऐकतो, १४५.६ वर बोलतो आणि शेजारी १४६.२ वर. आता १४५.६ ची दुप्पट २९१.२. त्यातून १४६.२ वजा करा. उरले १४५.०, म्हणजे नेमका आमचा कान!

हा हिशेब करतो कोण? गंज. चांगल्या तारेला विजेचा दुप्पट दाब (व्होल्टेज) दिला की प्रवाह दुप्पट होतो. दोन गंजक्या पत्र्यांमधला ऑक्साईडचा थर असा सरळ वागत नाही, तो डायोडसारखा वागतो, म्हणजे प्रवाह एका दिशेनं सहज जाऊ देतो, उलट दिशेनं अडवतो. अशा वाकड्या जोडातून दोन लहरी गेल्या की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांच्या नव्या लहरी जन्मतात. त्यातली एक आमच्याच फ्रीक्वेन्सीवर पडली, तर ड्युप्लेक्सर तिला अडवणार तरी कसा? तिच्यासाठी दार उघडंच.

पण अशी सरमिसळ रिसिव्हरच्या पोटातही होऊ शकते. ते ओळखायची युक्ती मला फार आवडते. रिसिव्हरच्या तोंडाशी ३ डेसिबलचा अटेन्युएटर लावायचा. येणारी शक्ती निम्मी होते. सरमिसळ बाहेर होत असेल तर त्रासही निम्माच होतो. आत होत असेल तर दोन्ही मूळ लहरी निम्म्या झाल्यानं त्रास एक-अष्टमांशावर येतो, कारण २अ−ब ('अ' आमची, 'ब' शेजारची) या लहरीत 'अ' दोनदा गुणला जातो आणि 'ब' एकदा. निम्म्याचं निम्मं, त्याचं पुन्हा निम्मं. डेसिबलमध्ये ३ ऐवजी ९.

आमचा त्रास निम्माच झाला. म्हणजे गुन्हेगार बाहेर.

मग एकानं कानाला रेडिओ लावून बसायचं आणि दुसऱ्यानं टॉवरवर चढून लाकडी दांडक्यानं एकेक जोड ठोकायचा. अँटेनाशेजारच्या एका जुन्या क्लॅम्पला दांडका लागला आणि तो फाटका आवाज तुटक झाला. तिथं स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प बसवला. लिंबाची तार मात्र चढायच्या आधीच काढली होती. टॉवरला घासणारी, गंजणारी सैल तार म्हणजे बाधेला आवतणच की!

मामांनी लिंबू पुन्हा टांगलंय. या वेळी सुतळीनं.