सामुदायिक आपत्ती-सज्जता

चक्रीवादळ, महापूर, उष्णतेची लाट यांसारख्या संकटांना तोंड देण्यासाठी एखाद्या वस्तीने आपल्या आपण करून ठेवलेली तयारी. बचाव पथक येईपर्यंतचे पहिले काही तास शेजारीपाजारीच निभावून नेतात, हे या तयारीमागचे साधे गृहीतक.

सर्वांत बोलके उदाहरण बांगलादेशचे. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे दगावली. वादळाची चाहूल हवामान खात्याला होती. किनाऱ्यावरच्या झोपड्यांपर्यंत ती नीट पोहोचलीच नाही. १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या पुढाकाराने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी सरकारही त्यात उतरले. गावातलाच स्वयंसेवक हातकर्णा घेऊन फिरतो, धोका वाढेल तसे झेंडे एकाचे दोन, दोनाचे तीन होतात. तरीही १९९१ च्या वादळाने सुमारे १ लाख ३८ हजार बळी घेतले. निवारे अपुरे होते, गुरे सोडून निघायला लोक तयार नव्हते, पुरुषांच्या गर्दीत जायला बायका कचरत. मग निवारे वाढले, त्यांत स्त्रियांसाठी वेगळी जागा आली, जनावरांसाठी मातीचे उंच ओटे म्हणजे ‘किल्ले’ बांधले गेले, स्वयंसेवकांत स्त्रियांची संख्या वाढत निम्म्यावर गेली. २००७ च्या ‘सिद्र’ या तितक्याच भीषण वादळात मृतांचा आकडा काही हजारांवर थांबला. श्रेय एकट्या स्वयंसेवकांचे नाही; बांध आणि सुंदरबनाचे जंगलही आडवे आले.

उष्णतेची लाट गाजावाजा न करता येते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत सातशेहून अधिक लोक गेले, त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या मे महिन्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. अशा वेळी खरा उपयोग घराघराच्या यादीचा: अंथरुणाला कोण खिळले आहे, कोणाचा श्वास विजेवरच्या यंत्रावर चालतो, बंद दाराची दुसरी किल्ली कोणाकडे. ही यादी वर्षभरात शिळी होते.

रंगीत तालमीकडे बहुतेक ठिकाणी सोपस्कार म्हणूनच पाहिले जाते. पण निवाऱ्याचे कुलूप गंजल्याचे तिच्यातच कळते. आणखी एक अडचण हुकलेल्या इशाऱ्याची. घरदार सोडून गेल्यावर वादळ दुसरीकडे वळले, तर पुढच्या खेपेला माणसे उंबरठा ओलांडत नाहीत. त्यांना समजावायला पुन्हा गावातलाच ओळखीचा माणूस लागतो.