लसणाची पाकळी आणि कोलेस्टेरॉल

"सकाळी अनशापोटी लसणाची एक पाकळी गिळा, महिन्याभरात कोलेस्टेरॉल खाली, गोळ्या बंद" हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतोच, आणि यावेळी तर काकांनी खरंच गोळी सोडायचं मनावर घेतलंय म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेत स्टॅनफर्डला हेच तपासलं होतं, २००७ मध्ये रिझल्ट छापून आला. एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) थोडं वाढलेले १९२ लोक घेतले, काहींना कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून, काहींना लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या आणि काहींना नुसत्याच खोट्या गोळ्या, आठवड्यातून ६ दिवस असं ६ महिने. कच्च्या लसणाचा डोस साधारण ४ ग्रॅमच्या पाकळीएवढा. दर महिन्याला रक्त तपासलं, एलडीएलमध्ये सांगण्यासारखा फरक कुठल्याच गटात नाही.

आणि अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळायची आयडिया तर अजूनच गंमतशीर, कारण लसणातल्या ज्या अ‍ॅलिसिन नावाच्या रसायनाचं एवढं कौतुक चालतं ते पाकळीत तयार नसतंच, ठेचल्यावर बनतं (तो उग्र वास येतो ना, तेव्हा), आणि ते बनवणारं एन्झाइम पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये बंद पडतं.

बीपी ज्यांचं आधीच हाय आहे त्यांचं लसणाच्या सप्लिमेंट्सनी थोडंसं उतरतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण तो गोळीला पर्याय नाही. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर लसणाच्या कॅप्सूल घेताय हे डॉक्टरांना सांगा, रक्तस्राव वाढू शकतो.

फोडणीतला लसूण, भाकरीबरोबरची चटणी खुशाल खा. काका, गोळी मात्र चालू ठेवा.