नाशिकचा गंज आणि किनाऱ्याचा गंज: समाजमंदिराच्या छज्जाखाली पाहताना

छज्जाखालचा पोपडा सुटलेला, आत तांबूस सळई, भिंतीवर गंजाचे ओघळ. हे दृश्य नाशिकच्या सिडकोतल्या जुन्या समाजमंदिरात दिसतं, तसंच डहाणूच्या किनाऱ्यावरच्या सभागृहातही. त्यामुळे त्र्यंबक-जव्हारमार्गे खाली उतरणारा ठेकेदार नाशिकचीच डागडुजी तिथेही करतो. रोग मात्र एक नाही.

नाशिकला बहुतेक वेळा कार्बोनेशन असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळतो, तेरापर्यंतचा पीएच (अल्कलीपणाचं माप) नऊच्या खाली येतो आणि सळईवरचं संरक्षक कवच जातं. हवेतली आर्द्रता ५० ते ७० टक्के असली की याला चांगलं फावतं. त्याची चाल वर्षांच्या वर्गमुळाप्रमाणे असते: दहा वर्षांत १० मिमी आत गेलं असेल, तर २० मिमीला चाळीस वर्षं लागतात. म्हणजे कव्हर, सळईवरचा काँक्रीटचा थर, दुप्पट केलं की आयुष्य चौपट. गंज सळईभर सारखा पसरतो, पोपडे आधीच इशारा देतात.

किनाऱ्यावर कारण क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक. खारं वारं काँक्रीटवर मीठ बसवतं, ते पाण्याबरोबर आत झिरपतं आणि सळईचं कवच ठिकठिकाणी भोसकतं. गंज खड्ड्याखड्ड्यांनी होतो. बाहेर बारीक तडा दिसत असताना आत १० मिमीची सळई एका जागी अर्धी उरलेली असू शकते. मीठ बाहेरूनच येतं असंही नाही. न धुतलेली खाडीची रेती किंवा खारट बोअरचं पाणी वापरलं, तर ते पहिल्या दिवसापासून आतच असतं.

इथेच चाचणीत फसगत होते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचं एक टक्क्याचं द्रावण फवारतात. गुलाबी झालं तर अल्कलीपणा शाबूत, रंग आला नाही तर कार्बोनेशन. किनाऱ्यावर सळईभोवती झकास गुलाबी रंग येतो आणि सळई तरीही गंजत असते, कारण क्लोराइडला पीएच उतरण्याची गरजच नसते. तिथे ड्रिलने १०-१० मिमीच्या टप्प्यांत भुकटी काढून क्लोराइड मोजायला द्यावं.

दुरुस्तीतला फरक तर पैसे बुडवणारा. नाशिकला पोकळ वाजणारा भाग काढा, सळईच्या मागे २० मिमी मोकळं करा, ब्रशने सळई चकचकीत करा, पॉलिमर मॉर्टर भरा आणि वरून कार्बोनेशनरोधक रंग द्या. काम टिकतं. किनाऱ्यावर हाच पॅच उलटतो: नव्या मॉर्टरमधली सळई सुरक्षित होते, पण शेजारच्या खारट जुन्या काँक्रीटमधली आता जोमाने गंजू लागते आणि काही वर्षांत पॅचच्या कडेलाच नवा पोपडा सुटतो. म्हणून तिथे खारट काँक्रीट शक्य तेवढं काढायचं आणि पॅचच्या कडेपासून १० सेंमीच्या आत जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, सळईला घट्ट बांधायचे. भरताना इपॉक्सी मॉर्टर नको. त्यातून वीज वाहत नाही आणि अ‍ॅनोड नुसता शोभेचा उरतो.

नवं बांधताना काँक्रीटच्या भारतीय मानकाचे, आयएस ४५६ : २००० चे, आकडे बोलके आहेत. सौम्य हवेत कव्हर २० मिमी, मध्यमला ३०. किनारी हवेत ४५ आणि एम-३० (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), थेट तुषार उडत असतील तर ५० आणि एम-३५. या दोन्ही किनारी प्रकारांत पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, रेतीतली ओल धरून. टोकाला ७५ मिमीचा नेहमीचा छज्जा इथे बसतच नाही: वर ४५, खाली ४५, झाले ९०, सळई ठेवणार कुठे? टोकालाही १२५ धरा, नाहीतर छज्जाच टाळा.

सिमेंटबाबत गैरसमज असा, की समुद्र म्हटलं की सल्फेटरोधक सिमेंट. ते क्लोराइड कमी बांधून ठेवतं. स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) किंवा एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्राच्या राखेचं सिमेंट तिथे सरस. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, मात्र किमान दहा दिवस, शक्यतो चौदा.

आणि सेंट्रिंगच्या फळ्यांवर सळईखाली खडीचा तुकडा सारू नका. त्याच दर्जाच्या काँक्रीटचे कव्हर ब्लॉक मीटरभर अंतराने ठेवा, बाइंडिंग वायरची शेपटं आत वळवा. फळीला टेकलेलं एक शेपूटही पृष्ठभागावर येतं आणि तिथूनच पहिला तांबडा ठिपका उमटतो.