एकाच आईची दोन बाळे, दोन वजने

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या घरात पहिली मुलगी जन्मतः २ किलो ४०० ग्रॅम भरते आणि तीन वर्षांनी झालेला मुलगा २ किलो ७०० ग्रॅम भरतो, तेव्हा सुनेने पहिल्या वेळी नीट खाल्ले नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. आई तीच, बाप तोच आणि चूलही तीच असताना या ३०० ग्रॅमचे दुसरे कारण काय असणार, असे घरच्यांना वाटते. पण त्या सुनेला बोल लावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे की दोन्ही खेपांना तिचे शरीर सारखे नव्हते.

गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी, अरुंद धमन्या असतात. पहिल्या गरोदरपणात वारेच्या पेशी त्यांत शिरून त्यांना रुंद आणि सैल करतात, तेव्हा कुठे बाळापर्यंत पुरेसे रक्त पोहोचते. बाळंतपणानंतर या धमन्या पूर्ववत होतात, मात्र पुरत्या नाही, आणि म्हणून दुसऱ्या खेपेला रक्ताची वाट बरीचशी तयार असते. जगभरच्या नोंदींत पहिले बाळ दुसऱ्यापेक्षा सरासरी १०० ते २०० ग्रॅमने हलके आढळते; त्यात मुलगा मुलीपेक्षा साधारण १०० ग्रॅमने जड असतो. वरच्या उदाहरणातला बहुतेक फरक एवढ्यानेच भरून निघतो.

बाळाच्या वाढीवर आईच्या शरीराचा लगाम किती घट्ट असतो, हे वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये घोड्यांवर दाखवले. त्यांनी धिप्पाड शायर आणि ठेंगण्या शेटलँड जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीचे शिंगरू शेटलँड घोडीच्या शिंगरापेक्षा जन्मतः कितीतरी जड निघाले, वास्तविक दोन्हींत दोन्ही जातींचा वाटा सारखाच होता. माणसांतही एकाच आईची, पण वेगळ्या वडिलांची भावंडे जन्मवजनात एकमेकांच्या जितकी जवळ असतात, तितकी एकाच वडिलांची सावत्र भावंडे नसतात.

खरी चौकशी करायला हवी ती दुसरे बाळ पहिल्यापेक्षा हलके निघाल्यास, कारण तेथे शरीराची स्वाभाविक चाल उलटी फिरलेली असते. सर्वांत आधी पाहावे ते दोन खेपांमधले अंतर. जिवंत बाळ जन्मल्यानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अंगावर पाजत असतानाच दुसरा गर्भ राहिला, तर पहिल्या बाळंतपणात रिकामा झालेला लोह आणि फॉलिक आम्लाचा साठा भरायला उसंतच मिळत नाही. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की गरोदर स्त्रीला रक्तक्षय आहे असे धरतात, आणि लोहाची गोळी १८० दिवस घ्यायची असते ती याचसाठी. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे असल्याने ती तपासणीही व्हायलाच हवी.

कामाचा हिशेब मात्र गरोदरपणाच्या तपासणीच्या कोणत्याही कार्डावर लिहिलेला नसतो. बाळाचे वजन सर्वाधिक वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांत. एका खेपेला हे महिने घरकामात गेले आणि दुसऱ्या खेपेला कापूस वेचणीत, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकण्यात गेले, तर आई तीच असूनही बाळाच्या वाट्याला येणारी शक्ती सारखी राहत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून झालेल्या गरोदर मातांच्या अभ्यासात जास्त अंगमेहनत करणाऱ्या मातांची बाळे लहान आढळली, आणि हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्यांची बाळे मोठी आढळली. खर्ऱ्याबद्दलही, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दलही, स्पष्टच विचारावे, कारण तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि तंबाखू चघळणाऱ्या मातांची बाळेही कमी वजनाची निघतात.

कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि बाळंतपण सोपे होते, ही समजूत अजून अनेक घरांत आहे, आणि ती मला सर्वांत घातक वाटते. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ऊब लवकर जाते, त्याला ओढून दूध पिणे जड जाते आणि जंतुसंसर्ग चटकन गाठतो. याउलट बाळ जितके जड तितके चांगले असेही नाही. वय वाढल्यावरच्या खेपेला चार किलोचे बाळ झाले, तर आईची साखर वाढलेली होती का, हे पाहावे लागते.

म्हणूनच नव्या गरोदरपणाची नोंद करायला जाताना मागच्या खेपेचे कार्ड पेटीतून काढून आशाताईंना दाखवावे. आधीचे बाळ अडीच किलोंखाली भरले असेल, तर पुढचेही तसे होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि हे तिसऱ्या महिन्यातच कळले तर गोळ्या, आहार आणि शेतातले काम यांबाबत घरच्यांशी बोलायला सहा महिने हाती राहतात.