साधं पान म्हणजे नेमकं काय? एका वादाची पार्श्वभूमी

केळीच्या हिशेबाचं एक मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो) आम्ही काही जण जळगावात बसून चालवतो. त्याच्या वेबसाइटचं रूप बदलावं की नाही, यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. एक बाजू म्हणते, आत्ताचं पान नोटीस बोर्डासारखं दिसतं आणि ते पाहून नवा माणूस सॉफ्टवेअरही जुनाट समजतो. दुसरी म्हणते, पान साधं आहे, तसंच राहू द्या. हा वाद वेबइतकाच जुना आहे.

१९९१ सालचं पहिलं वेबपान म्हणजे मजकूर आणि लिंक, बाकी काही नाही. सॉफ्टवेअर प्रकल्पांनी पुढे बराच काळ तोच कित्ता गिरवला. १९९६ मध्ये पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली आवृत्ती आली, पानावर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅशही त्याच सुमारास आलं आणि कंपन्यांची पानं हलू लागली. मुक्त सॉफ्टवेअरवाले मात्र फ्लॅशपासून लांब राहिले, कारण ते चालवणारा प्लेअर बंदिस्त होता, त्याचा कोड खुला नव्हता. दुसरं कारण, त्या काळी भुसावळच्या सायबर कॅफेत बसलेल्या कोणालाही सांगता येईल. ५६ केबीपीएसचं डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, पूर्ण वेगाने चाललं तरी सेकंदाला ७ किलोबाइट. एक मेगाबाइट उतरायला जवळपास अडीच मिनिटं, आणि तासाचे पैसे चालूच.

मराठीची तऱ्हा आणखी वेगळी. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत, रुळेपर्यंत आपला मजकूर वाचायला आधी त्या साइटचा फॉन्ट उतरवावा लागे, नाहीतर अक्षरांचं चित्रच करून टाकलेलं असे. इंग्रजीत जे पान सगळ्यात हलकं, तेच मराठीत जड होऊन बसायचं.

२०१० नंतर सगळं भराभर बदललं. फोनवर फ्लॅश टिकलं नाही. २०११ मध्ये बूटस्ट्रॅप हा पानं बांधायचा तयार संच आला आणि प्रकल्पांची पानं एका साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली: वर पट्टी, मोठं शीर्षक, मोठं बटण, खाली तीन रकाने. २०१३ च्या आसपास सावल्या आणि चकाकी जाऊन सपाट रंग आले. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या प्रकल्पानेही डिसेंबर २०२० मध्ये आपलं मुखपृष्ठ नव्याने मांडलं.

घोटाळा झाला तो याच काळात, आणि तो 'साधं' या शब्दाचा आहे. तोवर साधं म्हणजे हलकं, पटकन उघडणारं, कुठल्याही ब्राउझरवर चालणारं. सपाट रंगांच्या लाटेनंतर साधं म्हणजे मोकळी जागा, बारीक अक्षरं, फिकट करडा रंग. असं पान दिसतं रिकामं, पण त्याच्या पोटात जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचा, ढीग आणि वेगळा फॉन्ट असतो. देवनागरी फॉन्टला जोडाक्षरांचेही आकार वागवावे लागतात, म्हणून तो रोमनपेक्षा जड. आमच्या दोन्ही तटांना 'साधं' पानच हवं आहे, फक्त एकाच्या मनात पहिला अर्थ आहे आणि दुसऱ्याच्या मनात दुसरा. हे कळायला आम्हाला तीन बैठका लागल्या.

फिकट अक्षरांबद्दल मला तटस्थ राहता येत नाही. पांढऱ्यावर #९९९ हा करडा रंग वापरला तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, भरतो २.८५. वेब सुलभतेची २००८ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं साध्या मजकुराला किमान ४.५ सांगतात. मे महिन्यात रावेरकडे बांधावर उभं राहून, माल काट्यावर चढत असताना फोनवर हिशेबपट्टी उघडणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. एका हाताने स्क्रीनवर सावली धरून तो आकडा वाचतो. त्याच्यासाठी ही करडी अक्षरं नसल्यातच जमा.

तरी सजावटीच्या बाजूचं एक म्हणणं मला पटलं आहे. जुन्या पानावर सॉफ्टवेअर दिसतं कसं, हे दाखवणारा एकही स्क्रीनशॉट नव्हता. नव्या आराखड्यात भरलेल्या हिशेबपट्टीचा आहे, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. मागे हलणारी केळीची पानं ठेवायची की नाही, तिथे मात्र गाडी अजून अडली आहे.