स्पिटफायरचे मिचेल: पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

रेजिनाल्ड जोसेफ मिचेल वारले ११ जून १९३७ रोजी. त्यांचं चरित्र लोकांपर्यंत पोचलं ते मात्र पाच वर्षांनी, आणि तेही सिनेमातून. या पाच वर्षांत बरंच काही घडून गेलं होतं. त्यांनी आखलेलं स्पिटफायर हे लढाऊ विमान १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजलं होतं आणि ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांनाही त्याची आकृती दुरून ओळखता येत होती. विमान इतकं गाजलं म्हटल्यावर ते घडवणारा कोण, ही उत्सुकता आलीच. तो माणूस हयात नव्हता. त्याची जागा लेस्ली हॉवर्ड या नटानं घेतली.

१९४२ चा 'द फर्स्ट ऑफ द फ्यू' हा सिनेमा दिग्दर्शित केला हॉवर्डनं आणि त्यात मिचेल रंगवला तोही त्यानंच. नावातले 'द फ्यू' म्हणजे चर्चिल यांनी ऑगस्ट १९४० च्या भाषणात गौरवलेले मूठभर वैमानिक. युद्ध ऐन भरात होतं. लोकांना धीर देणारा नायक हवा होता, आणि सिनेमानं तो दिला: मृदुभाषी, स्वप्नाळू, समुद्रकिनारी पहुडून सीगल पक्ष्यांचं उडणं न्याहाळणारा. हा नायक जर्मनीला जातो, तिथं विमानं आखणाऱ्या मेसरश्मिटला भेटतो, जर्मनांच्या बढाया ऐकून हादरतो आणि मायदेशी परतून, डॉक्टरांचा सल्ला धुडकावून, विमानासाठी झिजून झिजून मरतो. डेव्हिड निव्हननं रंगवलेला त्याचा वैमानिक मित्र तर निव्वळ काल्पनिक.

चित्रीकरण चालू असताना मिचेल यांच्या पत्नी फ्लॉरेन्स आणि मुलगा गॉर्डन सेटवर असत. म्हणजे हे सगळं घरच्यांच्या नजरेआड झालं असंही नाही. सिनेमा म्हणून तो चांगलाच जमला होता, विल्यम वॉल्टनचं संगीत आजही मैफिलींत वाजतं. पुढच्याच वर्षी, १ जून १९४३ रोजी, लिस्बनहून निघालेलं हॉवर्डचं प्रवासी विमान जर्मनांनी बिस्केच्या उपसागरावर पाडलं. मग पडद्यावरच्या मिचेलभोवती हौतात्म्याचं वलयही आलं. इतक्या भावनेनं भरलेल्या चित्रात कोण दुरुस्त्या सुचवणार? मिचेल यांच्याबद्दल पुढं जे लिहिलं गेलं, त्यातला मोठा भाग कळत-नकळत या सिनेमातून उचललेला आहे. गॉर्डन यांनी १९८६ मध्ये वडिलांचं चरित्र प्रसिद्ध केलं. तोवर चव्वेचाळीस वर्षं पडद्यावरचाच मिचेल खरा मानला जात होता.

आधी जर्मनीचं प्रकरण घेऊ. मिचेल आणि विली मेसरश्मिट कधीही भेटले नाहीत. गंमत अशी की स्पिटफायरच्या घडणीत जर्मनीचा एक खरा धागा आहे, पण तो सिनेमात नाही. बेव्हर्ली शेनस्टोन हा टोरांटोचा तरुण. तो जर्मनीत युंकर्सच्या विमान-कारखान्यात काम करून आला होता, लिपिश या जर्मन विमानरचनाकाराकडेही शिकला होता, आणि १९३१ मध्ये साउदॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत, म्हणजे मिचेल यांच्या हाताखाली, रुजू झाला. स्पिटफायरचा तो लंबवर्तुळाकार पंख मुख्यतः शेनस्टोनच्या हिशोबांतून आला. सीगल पक्ष्यांनी त्यात काही केलेलं नाही.

लंबवर्तुळ निवडण्यामागं कारण रोकडं होतं. वेगासाठी पंख पातळ हवा. पण त्याच पंखाच्या पोटात दुमडलेली चाकं मावायला हवीत, आणि दोन्ही बाजूंना चार-चार, अशा आठ मशीनगन बसायला हव्यात. पंख बुडाशी रुंद ठेवला आणि ती रुंदी टोकाकडं हळूहळूच कमी होऊ दिली, की रुंदीच्या मानानं जाडी कमी राहते आणि आत जागाही मिळते. शिवाय उचल देताना पंखाला मागं खेचणारी जी ओढ तयार होते, ती या आकारात सगळ्यांत कमी असते. खुद्द मिचेल यांना आकाराचं कौतुक नव्हतं. लंबवर्तुळ असो की आणखी काही, बंदुका झाकल्या गेल्या म्हणजे झालं, अशा अर्थाचं काहीतरी, आणि तेही जरा शिवराळ भाषेत, ते बोलल्याचं शेनस्टोननं सांगून ठेवलं आहे.

दुसऱ्या टोकाची अफवा म्हणजे हा पंख जर्मनांच्या हाइंकेल ७० वरून उचलला. शेनस्टोननं ती खोडून काढली होती. हाइंकेलचा पंख जाड, ते विमान प्रवासी आणि टपाल वाहतुकीचं. शेनस्टोनला भावला होता तो त्या विमानाचा गुळगुळीत पृष्ठभाग. सिनेमा मिचेलना उगाच जर्मनीला पाठवतो आणि अफवा तिथून पंख चोरून आणवते. मधल्या कॅनेडियन माणसाचं नाव दोन्हीकडून गळतं, हे मला जास्त खटकतं.

आता मृत्यूचं कारण. 'विमानासाठी रक्त आटवून गेले' हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण मिचेल गेले आतड्याच्या कॅन्सरनं. ऑगस्ट १९३३ मध्ये त्यांना गुदाशयाचा कॅन्सर असल्याचं कळलं. शस्त्रक्रिया करून तो भाग काढला आणि मलविसर्जनासाठी पोटावर कायमचं छिद्र ठेवावं लागलं. आजच्यासारख्या सुटसुटीत पिशव्या तेव्हा नव्हत्या. त्या काळच्या ब्रिटनमध्ये या दुखण्याचं नाव चारचौघांत घेतलं जात नसे. आपल्याकडंही परवापरवापर्यंत 'तो आजार' असंच म्हणत होतो की. १९४२ मध्ये नायकाला पोटावर छिद्र असलेला दाखवणं कुठल्याच दिग्दर्शकाला झेपलं नसतं. मग अतिश्रम हे कारण पुढं आलं.

पण खरं कारण दडवल्यानं एक मोठी गोष्ट दडते, ती म्हणजे तारखा. आज आपण ज्याला स्पिटफायर म्हणतो त्याचा आराखडा पूर्णपणे शस्त्रक्रियेनंतरचा आहे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच मिचेल विमान चालवायला शिकू लागले आणि जुलै १९३४ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. दुखणं उलटू शकतं हे ठाऊक असलेला अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा माणूस हे करत होता. १९३७ च्या सुरुवातीला लंडनमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. एप्रिलमध्ये व्हिएन्नाला उपचारांसाठी नेलं, पण उपयोग झाला नाही. साउदॅम्प्टनच्या घरी त्यांनी प्राण सोडला तेव्हा वय होतं ४२.

स्वभावाचं म्हणाल तर हॉवर्डचा गोड, खानदानी सद्गृहस्थ आणि खरे मिचेल यांच्यात फारसं साम्य नाही. ते भडक डोक्याचे होते. साहेबांच्या मानेचा रंग बघायचा आणि ती लाल व्हायला लागली की पळ काढायचा, असं सुपरमरीनमधल्या उमेदवारांना सांगितलं जाई म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या उमेदवारीतली एक आख्यायिका तर सिनेमात घालता न येण्यासारखीच. सोळाव्या वर्षी ते फेंटन इथल्या केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात लागले. तिथं फोरमननं त्यांनी केलेल्या चहाला मुताची उपमा दिली. दुसऱ्या दिवशी मिचेलनी खरोखरच त्याच द्रवाचा चहा उकळून दिला, आणि फोरमननं चहा फक्कड झाल्याची पावती दिली! खरंखोटं तो फोरमन जाणे. पण ओळखीच्या माणसांना ही गोष्ट मिचेल यांना शोभणारी वाटली, एवढं मात्र खरं.

विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. दिवसा कारखाना, रात्री रेखाटन, यंत्रशास्त्र आणि उच्च गणिताचे वर्ग, असं ते शिकले. म्हणून काही जण त्यांना थेट 'कामगाराचा पोरगा' करून टाकतात. तेही बरोबर नाही. वडील हर्बर्ट शाळेत मुख्याध्यापक होते आणि पुढं छपाईच्या धंद्यात भागीदार झाले.

जन्मस्थळाचा घोळ तर जागोजागी दिसतो. 'जन्म: स्टोक-ऑन-ट्रेंट' असं सर्रास लिहिलेलं असतं. मिचेल जन्मले २० मे १८९५ रोजी, स्टॅफर्डशरमधल्या किड्सग्रोव्हजवळ बट लेन नावाच्या गावात, ११५ काँगल्टन रोड इथं. हे ठिकाण स्टोकच्या हद्दीत तेव्हाही नव्हतं, आजही नाही. काही महिन्यांतच कुटुंब लाँग्टनला गेलं आणि ते तिथंच वाढले. मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेली हॅनली, बर्स्लेम, टन्स्टॉल, लाँग्टन, फेंटन आणि स्टोक ही सहा गावं १९१० मध्ये एकत्र होऊन आजचं स्टोक-ऑन-ट्रेंट बनलं. तेव्हा मिचेल चौदा वर्षांचे होते. 'वाढले स्टोकमध्ये' म्हणा, चालेल.

विमानांच्या वंशावळीतही असाच शॉर्टकट मारला जातो: श्नायडर करंडक ही विमानांची शर्यत जिंकणारी सागरी विमानं, आणि त्यांचंच पुढं स्पिटफायर झालं. करंडकाचा पराक्रम खराच आहे. १९२७, १९२९ आणि १९३१ अशा सलग तीन स्पर्धा मिचेल यांच्या विमानांनी जिंकून करंडक कायमचा ब्रिटनकडं आणला. शेवटच्या वेळी सरकारनं हात आखडता घेतला, तर लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी १ लाख पौंड दिले. त्याच वर्षी एस.६बी या विमानानं ताशी ४०७ मैलांचा, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटरचा, जागतिक विक्रम केला. पण हे विमान आणि स्पिटफायर यांच्यामध्ये एक अपयश उभं आहे. टाइप २२४ हे मिचेल यांचं स्पिटफायरआधीचं लढाऊ विमान. वाकडे जाड पंख, न दुमडणारी चाकं आणि सतत तापणारं इंजिन. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते उडालं आणि हवाई दलाच्या पसंतीस उतरलं नाही. स्पिटफायर हे नाव आधी या विमानासाठी घेतलं गेलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते कंपनीच्या वरिष्ठांनी सुचवलं होतं, आणि असलं मूर्ख नाव त्यांनाच सुचणार, अशी मिचेल यांची प्रतिक्रिया होती.

५ मार्च १९३६ ला ईस्टली विमानतळावरून मट समर्स या चाचणी-वैमानिकानं नव्या विमानाचं पहिलं उड्डाण केलं. सात-आठ मिनिटांत तो उतरला आणि म्हणाला, कशालाही हात लावू नका. विमान पहिल्याच झटक्यात निर्दोष निघालं, असा याचा अर्थ गेली कित्येक वर्षं लावला जातोय. तिथं हजर असलेला दुसरा चाचणी-वैमानिक जेफ्री क्विल सांगतो की समर्सचं म्हणणं साधं होतं: पुढच्या उड्डाणापर्यंत नियंत्रणांची जुळणी आहे तशीच राहू द्या. दुरुस्त्या पुढं भरपूर झाल्या. जून १९३६ मध्ये ३१० विमानांची मागणी आली, पण कारखान्यात तयार झालेलं पहिलं स्पिटफायर उडालं मे १९३८ मध्ये. मिचेल यांनी उडताना पाहिलं ते एकमेव नमुना विमान. पुढं जी वीस हजारांवर स्पिटफायर निघाली, ज्यांचे पंख, इंजिनं, बंदुका सतत बदलत गेल्या, ती मिचेल यांच्यामागं मुख्य रचनाकार झालेल्या जोसेफ स्मिथ यांच्या देखरेखीखाली. स्पिटफायरचं मर्लिन इंजिनही रोल्स-रॉइसचं, मिचेल यांचं नव्हे.

उरलेल्या चुका किरकोळ. त्यांच्या नावामागं 'सर' लावू नये. १९३२ मध्ये त्यांना सीबीई ही ब्रिटिश सन्मानाची पदवी मिळाली होती, सरदारकी कधीच नाही. हरिकेन या लढाऊ विमानाचे सिडनी कॅम आणि जेट इंजिनाचे फ्रँक व्हिटल हे 'सर' झाले, त्यामुळे गफलत होत असावी. आणि महायुद्धातलं बी-२५ मिचेल हे बॉम्बफेकी विमान अमेरिकेचं. ते नाव बिली मिचेल या अमेरिकी सेनाधिकाऱ्यावरून आलंय. त्याचा आणि बट लेनच्या मिचेल यांचा आडनावापलीकडं काही संबंध नाही.